कल्हई की मोड

सॅगिनॉमध्ये मार्च म्हणजे
रस्त्यावरच्या मिठाचा आणि काळ्या बर्फाचा महिना.
गॅरेजमध्ये नोव्हा उभी आहे, एकोणसत्तरची,
बॉनेट भिंतीला टेकवलेलं,
आणि इंजिन असायचं त्या पोकळीत
शेजाऱ्यांचं मांजर.

इंजिन नदीपलीकडे, कॅसिमिरच्या शॉपमध्ये.
त्याचा सकाळी फोन: सात नंबरच्या सिलिंडरची भिंत
एका बाजूला पंचाहत्तर थाऊ उरलीय.
आधीच कुणीतरी साठ थाऊ बोअर केलंय,
आता पुन्हा केलं तर पाण्यालाच भोक.
स्लीव्ह बसेल. क्रँक घासू, डेक सपाट करू,
सगळं धरून साडेसहा हजार.
नवं इंजिन खोक्यातून येतं, पाच हजारांत,
दोन वर्षांची वॉरंटी, मंगळवारी दारात.
मग जरा थांबून,
'तुम्ही सांगा.'

हा प्रश्न माझ्या ओळखीचा.
उद्यमनगरात आमच्या दाराशी एकजण यायचा,
पातेलं पालथं करून बुडावर अंगठा दाबायचा:
वहिनी, कल्हई की मोड?
आई आत जाऊन डाळ बघून यायची.
तेवढ्यात तो दुसऱ्या दारी गेलेला असायचा.

ही गाडी मी यूजीन टॉलिव्हरकडून घेतली,
त्याची पाळी बंद झाली त्या शुक्रवारी, चौदाशे डॉलरना.
तो ओतायचा. मी वाळूच्या लॅबमध्ये,
चाळण्या आणि तराजू घेऊन, एकटीच बाई.
मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो.
मी सरळ चावी घेतली.

काल त्याला विचारायला गेले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस,
हात दोरखंडासारखे झालेत.
हसला. 'मिस सुतार, ते ब्लॉक आम्ही पाटीवर पाटी ओतायचो,
एकाचंही तोंड आठवत नाही मला.
नवं घाला.'
आणि मी दारापाशी पोचल्यावर:
'हीटर चालतो का अजून?'

चालत नाही. कधीच चालला नाही.

कॅसिमिरची आणखी एक अडचण आहे.
इंजिनावरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळतात,
छत्तीसच्या छत्तीस गुण,
म्हणून तर तिला भाव.
पण नंबर आहे डेकच्या कडेला,
आणि डेक घासला की तो गेला.
म्हणजे जुनं ठेवायचं, तर जुन्याचं नावच पुसायचं;
आणि नवं आणायचं, तर जुनं कोपऱ्यात
नावासकट, ताडपत्रीखाली.
बाबा असते तर म्हणाले असते, आधी वाजवून बघ.
ते पॅटर्न करायचे, सागवानाचे,
आणि दुसऱ्याच्या फौंड्रीत गेले तरी
खिशात छोटी हातोडी.

संध्याकाळी गेले. ब्लॉक धुऊन निघालेला,
राखाडी, उघडा, कोळ्यानं सोडलेल्या घरासारखा हलका वाटणारा,
जो दोन माणसांना उचलत नाही.
कॅसिमिरनं बरणी पुढे केली.
पाण्याच्या वाटेतून निघाली म्हणाला, दोन चमचे.

वाळू.
बोटांत चोळली. गोल कण, तळ्याकाठची,
पंचावन्नच्या आसपास. चाळण्याची गरज नव्हती.
ओतणाऱ्यांनी झटकली, धुणाऱ्यांनी धुतली,
मी रुजू व्हायच्या आधीची ती
एवढी वर्षं एका कोपऱ्यात
गरम होत, गार होत बसलेली.

त्याची हातोडी मागितली.
सात नंबरपाशी वाजवलं, मग मागे, मग खाली.
बद्द कुठेच नाही.
आवाज शटरपर्यंत जाऊन परत आला.

'स्लीव्ह घाल,' म्हटलं. 'डेकसुद्धा.'
'आणि नंबर?'
'जाऊ दे.'
त्यानं पिवळ्या कागदावर लिहिलं, पेन थांबवलं.
'किंमत अर्धी होईल.'
'विकायची नाही,' म्हटलं,
जे पूर्ण खरं नव्हतं;
मी ठरवलेलंच नाही काही त्यापुढचं.

बरणी त्याला परत हवी होती.
वाळू कोटाच्या खिशात ओतून घेतली.
घरी पोचले तेव्हा
चावीच्या दातांत बसली होती.